मदत हवी आहे: रेडिओ नाटकाचा दुसरा भाग कापू का?
ऑर्सन वेल्सचं १९३८ चं 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स', म्हणजे मंगळवाले पृथ्वीवर हल्ला करतात ते रेडिओ नाटक, सोसायटीतल्या दहावीच्या पोरांना दिवे घालवून ऐकवायचंय, तासाभराचंच आहे. पहिला भाग जबरदस्त, डान्स म्युझिक मध्येच तोडून बातम्या येतात आणि ग्रोव्हर्स मिलच्या शेतातून बोलणारा रिपोर्टर अर्ध्या वाक्यात गप्प होतो ना, ती काही सेकंदांची शांतता, अंगावर काटाच येतो. मंगळावर स्फोट दिसले की लगेच न्यू जर्सीत त्यांचं सिलिंडरसारखं यान पडतं, इतक्या लांबून इतक्या लवकर कसं, हे पोरं पकडतील, ते चालेल. पण नंतर दुसऱ्या भागात नाटकातला खगोलशास्त्रज्ञ प्रोफेसर पिअरसन एकटाच बोलत राहतो तिथे सगळा ताण सैल पडतो, मी दोनदा ऐकलं, दोन्ही वेळा तिथेच लक्ष उडालं. कापावं तर जंतूंनी मंगळवाले मरतात तो शेवटही त्यातच. कुणी मुलांना ऐकवलंय का, कुठून कुठपर्यंत कापलंत, प्लीज सांगा.