नव्या सिस्टरला आयव्ही (शिरेतून सलाईन-औषध देणं) कधीपासून हाताळू द्यावी?

वारज्याची इन्चार्ज: आमचं वारज्यात ज्येष्ठांचं केअर सेंटर आहे. बरेच पेशंट हाताला कॅन्युला (औषधासाठी शिरेत ठेवलेली बारीक नळी) ठेवूनच डिस्चार्ज होऊन येतात, उरलेली अँटिबायोटिक्स आम्ही देतो. नव्या मुलींकडे सर्टिफिकेट आहे, सुईही छान लावतात. पण गेल्या आठवड्यात एका आजींचा हात लाल होऊन सुजला आणि आदल्या तिन्ही ड्युट्यांच्या चार्टवर 'आयव्ही ओके'! मुलींची तयारी पारखायची कशी?

निवृत्त आयसीयू सिस्टर: ताई, शीर सापडली म्हणजे काम आलं असं नाही. तोंडी विचारू नका, शेजारी उभ्या राहून बघा. कातडी पुसल्यावर शीर परत बोटाने चाचपते का? तिथेच पुसलेलं वाया गेलं. औषध देण्याआधी पोर्ट, म्हणजे कॅन्युलाचं सिरिंज लावायचं तोंड, नुसता स्वॅब टेकवून सोडते का? 5 ते 15 सेकंद जोर लावून घासायचा, वाळू द्यायचा, मगच सिरिंज. ग्लोव्ह घातले तरी आधी हात धुवायचेच.

स्पिरिटच्या बोळ्यांचा डबा ट्रॉलीवर असेल तर आजच काढा. प्रत्येकीची बोटं त्यातच जातात. भिजवून ठेवलेले बोळे वापरू नका हे डब्ल्यूएचओने 2010 सालीच सांगितलंय. आणि सलाईन नीट उतरत नाही म्हणून बाटलीला वरून सुई टोचून ठेवतात ना, तेही बंद. एअर व्हेंटचा, म्हणजे बाटलीत हवा जायची सोय असलेला सेट मागवा.

नर्सिंग ट्यूटर, कोथरूड: चार्टवर 'ओके' लिहूच देऊ नका. व्हीआयपी स्कोअरचा, म्हणजे कॅन्युलाच्या जागी शीर किती सुजलीय ते बघून द्यायचा आकडा लिहायचा, 0 ते 5. दुखणं, लाली, सूज यांतली दोन लक्षणं दिसली की स्कोअर 2, कॅन्युला काढायची. डिमेन्शियाचे आजी-आजोबा दुखतंय म्हणून सांगणार नाहीत, तेव्हा हात लावून बघावंच लागतं. ड्रेसिंग पारदर्शक हवं, चिकटपट्टीखाली काय दिसणार?

वारज्याची इन्चार्ज: आमच्याकडे पट्ट्याच आहेत, उद्याच बदलते. कोर्स संपल्यावरही 'लागेल कधीतरी' म्हणून कॅन्युला ठेवतो, ते चालतं का?

निवृत्त आयसीयू सिस्टर: नाही हो! 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेल्या कॅन्युलाकडे कोणी बघतही नाही. शेवटचा डोस झाला की डॉक्टरांना त्याच दिवशी विचारून काढून टाका. कोर्स चालू असतानाही कॅन्युला बदलायचे 72 तास भरायची वाट बघू नका, जागा लाल दिसली की लगेच काढा. मुलींना आधी काढायला शिकवा, लावायला नंतर.