शब्दचर्चा: स्वतःच्याच पिशवीला लाथ मारणे, याला मराठीत काय म्हणावे?

शार्लटकर

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी डिस्क गोल्फवर एक लेख लिहिला आहे आणि तो दोन शब्दांपाशी अडून बसला आहे. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की यात चेंडू आणि काठीऐवजी हाताने फेकायची डिस्क असते, जमिनीतल्या खड्ड्याऐवजी खांबावर साखळ्या टांगलेली टोपली असते आणि कमीत कमी फेकींत डिस्क त्या टोपलीत घालायची असते. शार्लटपासून सुमारे 40 किलोमीटरवर रॉक हिल येथे, विन्थ्रॉप विद्यापीठाच्या परिसरात, या खेळाची अमेरिकी अजिंक्यपद स्पर्धा 1999 पासून भरते. तेथे मी मुलाला घेऊन गेलो होतो.

त्या मैदानावरील सतराव्या होलची (होल म्हणजे पहिल्या फेकीच्या जागेपासून टोपलीपर्यंतचा एक टप्पा) टोपली गवताच्या गठ्ठ्यांनी वेढलेली आहे. डिस्क त्या वेढ्याबाहेर पडली की दंड बसतो, त्यामुळे आघाडीवर असलेल्या भल्याभल्यांच्या तोंडचे पाणी तेथे पळते. आमच्यासमोर एका खेळाडूची डिस्क गठ्ठ्यावर आपटून बाहेर पडली. त्याने हातातली मिनी, म्हणजे डिस्कची जागा दाखवण्यासाठी ठेवतात ती लहान चकती, जमिनीवर आपटली आणि स्वतःच्याच पिशवीला सणसणीत लाथ घातली. मात्र कोणाला उद्देशून तो एक शब्दही बोलला नाही. त्याच्याच गटातील सहखेळाडूने त्याला ताकीद दिली आणि ती त्याने मान हलवून स्वीकारली. माझ्या मुलाने विचारले, "बाबा, बॅग त्याचीच होती ना? मग ताकीद कशाला?"

लेखात मी या प्रकाराला 'भावनिक उद्रेक' म्हटले आणि ताकीद मुकाट्याने स्वीकारण्याला 'खिलाडूवृत्ती'. माझ्या मावशींनी, ज्या चौतीस वर्षे शाळेत मराठी शिकवत होत्या, दोन्ही शब्द खोडले. त्यांच्या मते उद्रेक ज्वालामुखीचा किंवा साथीचा होतो आणि 'खिलाडू' हे हिंदीचे उष्टे असून शुद्ध रूप 'खेळाडूवृत्ती' आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पंतोजी

मावशींचा आदर राखून सांगतो, की 'खिलाडूवृत्ती' हाच रुळलेला शब्द आहे आणि तो बदलण्याचे कारण नाही. 'खेळाडू' हे नाम आहे, 'खिलाडू' हे विशेषण. आमच्या वाड्यातले एक काका जन्मात कधी मैदानावर गेले नाहीत, पण कॅरममध्ये नातवाकडून हरल्यावर त्याच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवत. ते खिलाडू होते. उलट ज्याच्या घरात चषकांनी कपाट भरले आहे असा खेळाडू मुळीच खिलाडू नसू शकतो. मराठीने हा भेद केलेला असताना आपण तो पुसून का टाकावा?

व्युत्पत्तीबद्दल माझा एक लाडका तर्क आहे. झोपाळू, लाजाळू, मायाळू या शब्दांत 'आळू' हा प्रत्यय दिसतो. तो 'खेळ'ला लावला तर 'खेळाळू' होईल आणि लागोपाठच्या दोन 'ळ'मुळे जीभ अडखळेल. म्हणून दुसऱ्या 'ळ'चा 'ड' होऊन 'खेळाडू' झाला असावा.

अनुस्वार

पंतोजींचा तर्क गोड आहे, परंतु 'खिलाडू'मध्ये पहिला 'ळ' नसतानाही 'ड' आहेच, त्याचे काय करायचे? तो सरळसरळ हिंदीतील 'खिलाडी'वरून आलेला आहे, हे मावशींचे म्हणणे मला पटते. हिंदीतून आला म्हणून तो टाकून द्यावा असे मात्र मी म्हणणार नाही. माझी हरकत निराळी आहे. शार्लटकर ज्याविषयी लिहीत आहेत ती वृत्ती नाही, ते वर्तन आहे. त्या माणसाच्या मनात काय चालले होते हे पंचाला कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. नियमपुस्तकात या कलमाचे नाव काय आहे, ते शार्लटकरांनी सांगावे.

शार्लटकर

व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटनेच्या नियमांत 812 क्रमांकाच्या नियमाचे नाव 'कर्टसी' असे आहे. पहिल्या भंगाला ताकीद मिळते आणि त्याच फेरीत पुन्हा भंग झाला तर प्रत्येक वेळी एक फेक दंड म्हणून मोजली जाते. नियमपुस्तकाच्या जुन्या आवृत्तीत उदाहरणांची यादीच होती: ओरडणे, शिव्या देणे, मैदानावरील साहित्यावर हात आपटणे, पाळी नसताना फेकणे, पिशव्या फेकणे किंवा लाथाडणे, मिनी भिरकावणे. सामान्यतः गटाबरोबर पंच फिरत नसतो, त्यामुळे आक्षेप सहखेळाडूंनीच घ्यायचा असतो.

याहून गंभीर वर्तनाचे कलम स्पर्धा-नियमावलीत वेगळे आहे. त्यात रागाने वस्तू फेकण्याला मनाई आहे, मात्र खेळात असलेली डिस्क वगळून. ती रागाने फेकली तरी शेवटी ती एक फेक म्हणूनच मोजली जाणार!

अनुस्वार

मग प्रश्न मिटला. 'सौजन्य' लिहावे आणि भंगाला 'सौजन्यभंग' म्हणावे. 'खिलाडूवृत्ती' हा शब्द निवडणूक हरलेल्या उमेदवारांसाठी राखून ठेवावा. हल्ली तो तेथेच अधिक ऐकू येतो.

पंचगंगा

सौजन्यावर कोणाचे समाधान होईल असे मला वाटत नाही. सौजन्य पाहुण्यांशी असते. आमच्याकडे कुस्तीच्या फडात लढतीपूर्वी हातसलामी होते आणि मगच झोंबाझोंबी सुरू होते. त्या सलामीला कोणी सौजन्य म्हणत नाही, ती रीत आहे. हरलेला मल्ल उठून प्रतिस्पर्ध्याच्या पाठीवर थाप देतो तेव्हा लोक त्याला 'उमदा गडी' म्हणतात. उमदेपणा हा शब्द फारसीतून आला असला, तरी आता तो आमच्या मातीचाच झाला आहे. आणि याच्या उलट जे असते त्यासाठी लहान मुलांनी केव्हाच शब्द घडवून ठेवला आहे, तो म्हणजे 'रडीचा डाव'.

उपमुद्रक

रडीचा डाव येथे बसत नाही. रडीचा डाव खेळणारा हार मान्य करत नाही, नियम वाकवतो, 'मी तयारच नव्हतो' म्हणतो. पिशवीला लाथ मारणाऱ्याने हार आणि ताकीद दोन्ही मान्य केले आहे. त्याचा राग कोणावर असेल तर तो स्वतःवर आहे.

मला वाटते, मुलाचा प्रश्न आपण सगळ्यांनी बाजूला टाकला आणि खरी मेख तेथेच आहे. राग कोणावर निघतो आहे, त्यानुसार मराठीत शब्द बदलतो. भांड्यांवर निघाला तर ती आदळआपट. आमच्या घरी आजीचे आजोबांशी बिनसले की स्वयंपाकघरातून सर्वांत आधी कळे ते पातेल्यांच्या आवाजावरून. तोंडातल्या तोंडात निघाला तर तणतण. आतल्या आत राहिला आणि करता काहीच आले नाही तर चडफड. पायांतून निघाला तर थयथयाट. दुसऱ्याच्या आईबापांपर्यंत गेला तर शिवीगाळ. सगळ्या गावाला दिसावा म्हणून काढला तर आकांडतांडव, ज्याचे मूळ रूप संस्कृतातील 'अकाण्डताण्डव', म्हणजे वेळ-प्रसंग नसताना केलेले तांडव, असे आहे. आणि स्वतःवरच निघाला तर त्रागा. डिस्क साखळ्यांना लागूनही बाहेर उडाली किंवा काठावर उभी राहून उताराने घरंगळत गेली, तर दोष द्यायला समोर कोणी नसतेच. म्हणून शार्लटकरांनी 'त्रागा' हाच शब्द घ्यावा.

बडोदेकर

'त्रागा' या शब्दाबद्दल थोडे लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण त्याचा इतिहास आमच्या परिसराशी जोडलेला आहे. गुजरात-काठेवाडात भाट आणि चारण हे करारांना, कर्जांना आणि सारा भरण्याच्या हमीला जामीन राहत असत. ज्याच्यासाठी ते जामीन राहिले त्याने शब्द मोडला, तर भाट त्याच्या दारात जाऊन स्वतःच्या अंगावर कट्यारीने जखम करून घेई, प्रसंगी जीवही देई, आणि त्या रक्ताचे पाप शब्द मोडणाऱ्याच्या माथी बसे. या कृत्यालाच त्रागा म्हणत. बडोद्याचे पहिले इंग्रज रेसिडेंट अलेक्झांडर वॉकर यांनी 1807 मध्ये काठेवाडातील संस्थानिकांच्या खंडणीची जी व्यवस्था लावली, त्या काळातील इंग्रजी लिखाणात भाट-चारणांच्या या प्रथेचे उल्लेख येतात.

म्हणजे मूळचा त्रागा स्वतःवर केलेला असला, तरी स्वतःपुरता कधीच नव्हता. जखम आपल्या अंगावर आणि धाक दुसऱ्याला, हेच त्याचे तंत्र होते. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला यात दिसते. पिशवी त्याची असली तरी आवाज सगळ्यांच्या कानांवर पडतो, आणि त्यानंतर ज्याला फेकायचे आहे त्याचा हात त्या आवाजाने हलतो. 812 हा नियम खेळाडूच्या रागाला दंड करत नाही. तो शेजाऱ्याच्या एकाग्रतेचे रक्षण करतो.

अनुस्वार

माहिती मोलाची आहे, परंतु आजचा वाचक 'त्रागा' म्हणताच सुनेचा किंवा कारकुनाचा त्रागा डोळ्यांपुढे आणील, कट्यार नव्हे. शब्दाला त्याच्या पणजोबांच्या कृत्यांबद्दल किती काळ जबाबदार धरायचे? शिवाय 'उद्रेक' मला अजिबात वाईट वाटत नाही. 'भावनांचा उद्रेक' मराठी वर्तमानपत्रांत पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे.

शार्लटकर

उद्रेकाच्या बाजूने माझाही एक मुद्दा आहे. 2021 मध्ये युटा राज्यातील ऑग्डेन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत, शेवटच्या होलवर पॉल मॅकबेथ एका फेकीने पुढे होता. तोपर्यंत तो पाच वेळा विश्वविजेता झालेला होता. जेम्स कॉनरॅडने 247 फुटांवरून, म्हणजे सुमारे 75 मीटरवरून, डिस्क थेट टोपलीत घातली आणि मैदानावर जो जल्लोष उसळला तो मी चित्रफितीत कितीतरी वेळा पाहिला आहे. त्या गदारोळानंतर मॅकबेथला आपली फेक टोपलीत घालायची होती. ती त्याने घातली, सामना बरोबरीत आला आणि जादा होलवर तो हरला. ज्या जल्लोषात समोरच्याचे विजेतेपद निसटू लागते तो जल्लोषही उद्रेकच आहे, पण त्याला त्रागा म्हणता येणार नाही. आणि त्या आवाजातून सावरून शांतपणे फेकणाऱ्या मॅकबेथसाठी मला 'खिलाडू' अपुरा वाटतो. पंचगंगा यांचा 'उमदा' जवळ येतो, पण त्यात थोडी ऐटही आहे.

पंचगंगा

'उमदा' शब्दात ऐट घोड्यापुरती असते, माणसापुरती नाही.

अल्टिमेटवाला

मी पुण्यात अल्टिमेट, म्हणजे डिस्कनेच खेळायचा सांघिक खेळ, खेळतो आणि आमच्या खेळातही पंच नसतो. आम्ही 'स्पिरिट' हा एकच शब्द वापरतो आणि सामन्यानंतर त्यासाठी एकमेकांच्या संघांना गुणही देतो. 'आज त्यांचं स्पिरिट खराब होतं' असे म्हटले की मैदानावरच्या सगळ्यांना कळते. हा शब्द मराठीत घेतला तर काय बिघडले?

अनुस्वार

बिघडले एवढेच, की दिवाळी अंक वाचणाऱ्या मावशींना स्पिरिट म्हटल्यावर स्टोव्ह पेटवायची बाटली आठवेल. आणि आता विषय निघालाच आहे तर विचारतो, 'डिस्क गोल्फ' तरी तसाच का ठेवायचा? 'चकतीगोल्फ' का नको?

पंतोजी

'चकतीगोल्फ' म्हणजे धोतरावर टाय. बदलायचेच असेल तर पुरते बदलावे आणि 'चकतीफेक' म्हणावे. 'थाळीफेक' आधीच दुसऱ्या खेळाला दिलेला आहे, म्हणून तो वापरता येणार नाही.

उपमुद्रक

चकती म्हटले की मला काकडीची आठवते. 'तबकडी' घ्यावी, ध्वनिमुद्रिकांसाठी तिचा आता कोणाला फारसा उपयोग उरलेला नाही.

बडोदेकर

उडती तबकडी आधीच परग्रहवासीयांच्या ताब्यात आहे.

शार्लटकर

अंक शुक्रवारी छपाईला जातो, त्यामुळे खेळाचे नाव मी तसेच ठेवतो आहे. पिशवीच्या प्रसंगात 'त्रागा', ऑग्डेनच्या प्रसंगात 'जल्लोष' आणि नियमासाठी 'सौजन्य' लिहिले आहे. शीर्षकात 'खिलाडूवृत्ती' होती, ती मावशींनी काल रात्री पुन्हा 'खेळाडूवृत्ती' केली आणि मी ती सकाळी पुन्हा बदलली. आज फोनवर त्यांची तणतण ऐकून घेतली.

पंतोजी

मावशींना झोपाळू-लाजाळूचा तर्क सांगून पाहिला का?

पंचगंगा

जाता जाता एक अवांतर शंका. आमच्याकडे पोरे 'रडीचा डाव खडी' असे पूर्ण म्हणायची. यातील 'खडी' म्हणजे नेमके काय? रस्त्यावर टाकतात ती खडी की आणखी काही? की नुसते यमक?