असंगत, विसंगत आणि कलापुरातला ‘कलेचा प्रश्न’

रंकाळाकाठ : कोल्हापुरात बारावीच्या मुलांपुढं मराठीतून बोलायचंय. विषय, प्रथिनांच्या स्फटिकांची रचना ‘अ‍ॅनोमलस स्कॅटरिंग’नं, म्हणजे काही अणू क्ष-किरण नेहमीपेक्षा वेगळे विखुरतात त्यावरून, कशी उलगडतात. स्कॅटरिंगला शाळेच्या पुस्तकात ‘विकिरण’ सापडतं, विश्वकोशात ‘प्रकीर्णन’. आणि अ‍ॅनोमलसला काय? असंगत की विसंगत? काल घरी बोलून बघितलं. ‘इथं कलेचा प्रश्न उभा राहतो’ (कला म्हणजे लाटेची फेज) म्हटल्यावर वडील म्हणाले, ‘केशवराव भोसले नाट्यगृहाचं म्हणतोयस काय?’

निवृत्त मास्तर : विकिरण टाळा. हिंदीत विकिरण म्हणजे रेडिएशन, आपलं प्रारण. मुलं हिंदी व्हिडिओ बघून येतात, घोळ ठरलेला. प्रकीर्णन जड आहे, पण त्याचा अर्थ एकच. अ‍ॅनोमलसला ‘असंगत’च. दहावीत ‘पाण्याचे असंगत आचरण’ शिकलेली पोरं आहेत. ४ अंशांच्या खाली थंड होताना पाणी आकुंचन पावायच्या ऐवजी प्रसरण पावतं, हे त्यांना पाठ असतं.

ढेपगूळ : मास्तर, माफ करा, पण ताप डोक्यात गेला की माणूस असंगत बरळतो. अणू कुठं बरळतोय? आतल्या कवचातले इलेक्ट्रॉन केंद्रकानं घट्ट धरून ठेवलेत. क्ष-किरणांची ऊर्जा त्या कवचाच्या शोषण-कडेजवळ (जिथं अणू एकदम जास्त क्ष-किरण शोषायला लागतो) आली की त्या इलेक्ट्रॉनांचा प्रतिसाद बदलतो, तीव्रतेतही आणि कलेतही. अणू नियमानंच वागतोय. इलेक्ट्रॉन मोकळे आहेत हे आपलंच गृहीत होतं, ते चुकलं.
माझं मत ‘विसंगत’ला. असंगत एकटं चालतं. विसंगत म्हटलं की लगेच ‘कशाशी?’ असा प्रश्न येतो. आणि इथं त्याला उत्तर आहे. फ्रीडेलचा १९१३ चा नियम सांगतो की स्फटिकातून विखुरलेल्या क्ष-किरणांनी उमटलेल्या चित्रातला एक ठिपका आणि केंद्राच्या बरोब्बर पलीकडचा ठिपका सारखेच तेजस्वी असायला हवेत. प्रथिनातल्या मेथिओनिन या अमिनो आम्लामधल्या गंधकाच्या जागी सेलेनियम घाला, ०.९८ अँगस्ट्रॉमच्या आसपासची तरंगलांबी वापरा, की जोडी फुटते. समजा इकडं १०३०, तिकडं १०००. सगळा जीव त्या तिसातच! त्यावरून आधी सेलेनियम कुठं बसलेत ते कळतं आणि मग त्यांच्या आधारानं बाकीच्या कला काढता येतात.

हलगी-घुमकं : तिसरी बाजू. ‘संगत’ म्हणजे साथसुद्धा. मिरवणुकीत सगळी हलगी एका ठेक्यात वाजतीय आणि एकच गडी किंचित सरकून ठोका टाकतोय. वाजवतोय खणखणीत, पण साथ सुटली. म्हणजे अ-संगत! कलेतला फरक याहून सोपा कसा सांगणार? सेलेनियम हाच तो गडी, आणि तो वेगळा ऐकू येतो म्हणून तर सापडतो.

रंकाळाकाठ : हलगीचा दाखला उचलला, भावा. आता असं ठरवतोय : अणू करतो ते असंगत प्रकीर्णन, आणि जोडीतल्या दोन ठिपक्यांत दिसते ती विसंगती. दोघांचंही राहिलं. ‘कला’ मात्र बदलणार नाही. चंद्राच्या कलेपासून सुरुवात करतो : क्ष-किरण टिपणाऱ्या शोधकाला (डिटेक्टरला) ठिपका किती तेजस्वी ते कळतं, लाट कुठल्या कलेत आली ते कळत नाही. तेवढंच हरवतं आणि त्यावाचून इलेक्ट्रॉन-घनतेचा नकाशा, म्हणजे इलेक्ट्रॉन कुठं किती दाट आहेत त्याचं चित्र, निघत नाही.

निवृत्त मास्तर : जोडीची कल्पना पटली, माझा हट्ट सोडला. एक सांगायला विसरू नका. या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत आपली माणसं आहेत. रामचंद्रन आणि रामन यांनी १९५६ मध्ये मद्रासमधून हा मार्ग दाखवला. हे रामन म्हणजे नोबेलवाले सर सी. व्ही. नव्हेत, पोरं तिथं हमखास अडखळतात. पुढं १९८१ मध्ये क्रॅम्बिन हे चिमुकलं प्रथिन नुसत्या सहा गंधकांच्या जोरावर सोडवलं गेलं. सेलेनियमसुद्धा घातलं नव्हतं.

ढेपगूळ : सहा गंधक, म्हणजे सहा हलगीवाले. आणि वडिलांना पुढच्या ओळीत बसवा.