व्हेस्टाच्या फोटोतला डाग खरा की प्रोसेसिंगचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

देवगडजवळ राहतो. आठ इंची श्मिट-कॅसेग्रेन दुर्बिणीने गुरू-शनीचे फोटो काढतो. २ मे २०२५ ला व्हेस्टा हा लघुग्रह प्रतियुतीत (आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला) होता, म्हणून त्याआधीच्या पाच-सहा रात्री घरामागच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) दुर्बीण लावली. प्रतिमा दुप्पट मोठी करणारं बार्लो भिंग, २.९ मायक्रॉन पिक्सेलचा मोनो (कृष्णधवल) कॅमेरा, तीन-तीन मिनिटांचे व्हिडिओ. त्यातल्या सर्वांत स्थिर दहा टक्के फ्रेम्स ऑटोस्टॅकर्ट या प्रोग्रॅममध्ये एकावर एक रचल्या आणि रिचर्डसन-ल्यूसी डिकॉन्व्होल्यूशन (धूसर चित्र गणिताने रेखीव करणं) केलं. वीस आवर्तनांपर्यंत नुसता पिठाचा गोळा. पन्नासच्या पुढे गेलो तशी कड आली आणि खाली डावीकडे काळपट डाग उमटला. अंगावर काटाच आला.

मग हिशेब केला. व्हेस्टाचा सरासरी व्यास ५२५ किमी, तेव्हाचं अंतर सुमारे १७ कोटी किमी, म्हणजे बिंब जेमतेम ०.६४ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). माझ्या दुर्बिणीची डॉझ मर्यादा, म्हणजे दोन जवळचे तारे वेगळे दिसण्याची हद्द, ०.५७. एक पिक्सेल ०.१५ विकलेचा, म्हणजे अख्खा लघुग्रह चार पिक्सेलांत. त्यात डाग दिसेल?

हे वेड लागलं ते चिलीतल्या व्हीएलटीने (व्हेरी लार्ज टेलिस्कोप) २०१८ मध्ये टिपलेली व्हेस्टाची चित्रं बघून. ८.२ मीटरची दुर्बीण, हवेची थरथर सेकंदाला हजाराहून जास्त वेळा दुरुस्त करणारा लवचिक आरसा, वर मिस्ट्रल नावाचं डिकॉन्व्होल्यूशन. जमिनीवरून दक्षिण ध्रुवाचं रियासिल्व्हिया विवर दिसलं! २०११-१२ मध्ये व्हेस्टाभोवती फिरलेल्या नासाच्या डॉन यानाच्या चित्रांशी ताडून शास्त्रज्ञांनी खात्रीही केली. मीही ताडू शकतो, पण चार पिक्सेलांचा डाग नकाशातल्या कुठल्या ना कुठल्या काळ्या पट्ट्याशी जुळवता येईलच, म्हणून मन धजत नाही.

जागेबद्दलही सांगा. सड्याचा कातळ दिवसभर तापतो, रात्री अकराला हात ठेवला तरी ऊब लागते. पहाटे मतलई (जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा) वारा सुटल्यावर तारे जरा शांत होतात, पण तोवर पुढच्या काचेवर दव. ड्रायर मारला की नळीतली हवा हलते. खाली माडांच्या बागेत जाऊ का?

प्रतिसाद

दादा, दोन चाचण्या करा. पहिली: व्हेस्टा ज्या उंचीवर होता त्याच उंचीवरचा, जवळपास तेवढाच तेजस्वी तारा टिपा. एक्सपोजर, फ्रेम्स, आवर्तनं सगळं तसंच ठेवा. ताऱ्याला बिंब नसतं. त्याच्यावरही डाग आला तर तो दुर्बिणीचा, हवेचा नाहीतर गणिताचा. दुसरी: व्हेस्टा ५ तास २० मिनिटांत स्वतःभोवती फिरतो. ८० मिनिटांच्या अंतराने घेतलेले व्हिडिओ असतील तर पाव फेरीत डाग सरकायला हवा.

फिल्टर कोणता होता? उंची किती? कातळ मात्र सोडाच. माती आणि गवत कातळापेक्षा लवकर निवतं.

धागाकर्ता

दोन्ही करून पाहिलं. काल ताऱ्यावर तोच डाग, त्याच बाजूला. एप्रिलचे ८० मिनिटांच्या अंतराचे दोन व्हिडिओ सापडले, त्यात डाग जागचा हललेला नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. फिल्टर नव्हता. व्हेस्टा पूर्वेला साधारण ४५ अंशांवर होता, दहाच्या सुमारास.

प्रतिसाद

मग बराच उलगडा झाला. ४५ अंशांवर वातावरण निळा आणि लाल प्रकाश वरखाली एक विकलेहून जास्त फाकवतं, म्हणजे तुमच्या बिंबापेक्षा जास्त. त्यात कॉलिमेशन (दुर्बिणीच्या आरशांची जुळणी) जरासं सरकलं असेल तर एका बाजूला सावली पडते आणि डिकॉन्व्होल्यूशन तिलाच ठळक करतं. हिरवा फिल्टर लावा, व्हेस्टा माथ्याच्या जास्तीत जास्त जवळ येईल तेव्हा टिपा, आवर्तनं ताऱ्यावर आधी ठरवा आणि व्हेस्टावर तेवढीच वापरा. एवढं करूनही आठ इंचांत विवर दिसणार नाही, हे स्पष्ट सांगतो.

आणखी एक प्रतिसाद

पृष्ठभागच हवा असेल तर प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार बदलत्या तेजाचा आलेख, काढा. व्हेस्टाच्या एका बाजूची जमीन जास्त उजळ आहे, म्हणून फिरताना तेज साधारण एक दशांश प्रतीने (प्रत म्हणजे तेज मोजायचं माप) वरखाली होतं. तो तुमचा डागच आहे, फक्त चित्रात न दिसता आलेखात दिसणारा. याला आठ इंची दुर्बीण उलट अडचणीची, तिच्या चिमुकल्या क्षेत्रात तुलनेला तेवढा तेजस्वी ताराच सापडत नाही. दुर्बिणीच्या माउंटवर डीएसएलआर बसवा, २०० मिमी लेन्स लावा, फोकस किंचित ढिला ठेवा म्हणजे तारे जळणार (जास्त प्रकाशाने पांढरेफटक होणार) नाहीत. एका रात्रीत पूर्ण फेरी मिळते. हात बसला की मोठ्या दुर्बिणीने २१६ क्लिओपात्रा हा लघुग्रह घ्या. तो हाडकासारखा लांबट आहे, त्यामुळे त्याचा चढउतार कितीतरी मोठा असू शकतो.

धागाकर्ता

लेन्स १३५ मिमीची आहे, चालेल ना? मुलाच्या लग्नासाठी घेतलेला कॅमेरा कपाटात पडून आहे, काचेला बुरशी लागलेली नाही हे आत्ताच बघून आलो. आकाश मोकळं आहे. पाऊस यायच्या आत एक पूर्ण रात्र मिळवतो आणि आकडे इथेच टाकतो. तुलनेचे तारे निवडताना रंगाकडे किती बघायचं, तेवढं कुणीतरी सांगा.