बाह्य कर्जाचा तिमाही तक्ता आणि गुंतवणूक स्थिती जुळत नाही: कुठे शोधायचं?

तिमाही_अखेर

सकल बाह्य कर्जाचा तक्ता करतोय. सरकारी कर्ज डीएमफासच्या (कर्जनोंदणीच्या संगणक प्रणालीच्या) नोंदवहीतून घेतलंय, बँकांचं त्यांच्या विवरणपत्रांतून, कंपन्यांचं सर्वेक्षणातून. सगळं मिळून ८४२ कोटी डॉलर. त्याच तारखेच्या आंतरराष्ट्रीय गुंतवणूक स्थितीत (देशाची परदेशांकडची येणी आणि परदेशांना असलेली देणी यांचा ताळेबंद) देण्यांच्या बाजूला कर्जाच्या साधनांची बेरीज ९०५ कोटी. म्हणजे ६३ कोटींचा फरक. (आकडे प्रमाण बदलून दिलेत.)

शिवाय दोन अडचणी आहेत. एकेका कर्जाची आरंभीची शिल्लक घेऊन त्यात उचल मिळवली आणि परतफेड वजा केली, तरी अखेरची शिल्लक येत नाही. आणि सरकारने हमी दिलेलं सार्वजनिक कंपनीचं कर्ज कोणाच्या ओळीत टाकायचं? जाणकारांनी सांगावं.

मुद्दल_व्याज

फरक सापडेल, कारण दोन्ही आकडे मुळात एकाच गोष्टीचे आहेत. गुंतवणूक स्थितीतल्या एकूण देण्यांतून समभाग, गुंतवणूक फंडांचे युनिट, डेरिव्हेटिव्ह आणि कर्मचाऱ्यांचे स्टॉक ऑप्शन काढले की उरतं ते सकल बाह्य कर्ज. अपवाद मूल्यांकनाचा. गुंतवणूक स्थितीत रोखे बाजारभावाने धरतात, कर्जाच्या मुख्य तक्त्यात नॉमिनल मूल्याने, म्हणजे ऋणकोचं त्या तारखेला जेवढं देणं आहे तेवढ्याने. हा भाग शेवटी बघितला तरी चालेल, पण बघाच.

नोंदवहीपासून सुरुवात केली की एक खोड हमखास लागते: कर्जाचा करार असेल तरच देणं दिसतं. व्याख्येला मात्र कराराशी देणंघेणं नाही. रहिवाशाचं अनिवासीला असलेलं देणं, आज प्रत्यक्षात असलेलं, आणि पुढे कधीतरी मुद्दल किंवा व्याज द्यावं लागणारं, एवढं पुरे. चलन कुठलं, कायदा कुठल्या देशाचा, याला महत्त्व नाही. म्हणून पुढच्या तीन गोष्टी सहसा सुटतात.

पहिली एसडीआरचं, म्हणजे नाणेनिधीच्या विशेष उचल हक्कांचं वाटप. बीपीएम६पासून (नाणेनिधीच्या व्यवहारशेष पुस्तिकेची सहावी आवृत्ती) ते बाह्य कर्जात, दीर्घ मुदतीचं, बहुतेक ठिकाणी मध्यवर्ती बँकेच्या ओळीत येतं. ऑगस्ट २०२१ मध्ये सुमारे ६५० अब्ज डॉलरइतके एसडीआर वाटले गेले, तेव्हा एकही नवा करार न करता सगळ्या सदस्यांचं सकल कर्ज वाढलं. कर्ज कक्षाच्या नोंदवहीत याचा मागमूसही नसतो. मध्यवर्ती बँकेच्या ताळेबंदात बघा.

दुसरी परकीय मध्यवर्ती बँकेची ठेव, विशेषतः स्वॅप (दोन मध्यवर्ती बँकांमधल्या चलन अदलाबदलीच्या) व्यवस्थेतून उचललेली रक्कम. ती आपल्याकडच्या मध्यवर्ती बँकेचं अनिवासीला देणं आहे. ‘हे कर्ज नाही, राखीव साठ्याचं व्यवस्थापन आहे’ असं उत्तर मिळेल. मान डोलवा आणि आकडा घ्या.

तिसरी आणि बहुधा सगळ्यात मोठी: देशातच, स्थानिक चलनात काढलेले सरकारी रोखे, जे अनिवासींनी बाजारातून घेतलेत. कर्ज कक्ष याला ‘अंतर्गत कर्ज’ म्हणतो, कारण त्याची विभागणी रोखे कुठे काढले यावर असते. आकडा कस्टोडियन बँकांकडून (गुंतवणूकदारांचे रोखे सांभाळणाऱ्या), रोखेनिहाय मागवा. उलटंही तपासा. परदेशी बाजारात काढलेल्या डॉलर रोख्यांतले काही इथल्याच बँकांनी विकत घेतले असतील तर तेवढे वजा व्हायला हवेत.

दुबार मोजणीसाठी आधी फेरकर्ज बघा. सरकार बहुपक्षीय बँकेकडून कर्ज घेतं आणि तीच रक्कम वीज किंवा पाणी कंपनीला पुढे देतं. बाह्य कर्ज फक्त सरकारचं, कारण कंपनीचं देणं रहिवासी सरकारला आहे. पण सर्वेक्षणाचा फॉर्म भरताना कंपनी त्यावर त्या बहुपक्षीय बँकेचंच नाव लिहिते. नाणेनिधीच्या कर्जाचंही तसंच: अर्थखातं आणि मध्यवर्ती बँक दोघेही मोजतात, नाहीतर दोघेही सोडतात.

ताळेबंद_तपासनीस

अखेरची शिल्लक न येण्याच्या प्रश्नाबद्दल. सूत्र अर्धवट आहे. अखेरची शिल्लक = आरंभीची शिल्लक + निव्वळ व्यवहार + विनिमय दरामुळे बदल + किमतीमुळे बदल + इतर बदल. कर्ज आहे तर किमतीचा प्रश्न नाही, पण दराचा आहेच.

उदाहरण घ्या. आरंभी २० कोटी युरो, दर १.१०, म्हणजे २२ कोटी डॉलर. तिमाहीत २ कोटी युरोची उचल झाली तेव्हा दर १.०८ (२.१६ कोटी डॉलर), १ कोटी युरो फेडले तेव्हा १.०६ (१.०६ कोटी डॉलर). अखेर २१ कोटी युरो, दर १.०५, म्हणजे २२.०५ कोटी डॉलर. निव्वळ व्यवहार १.१० कोटी, त्यामुळे तुमच्या सूत्राने उत्तर २३.१० येतं. १.०५ कोटींची घट ही फक्त दराची. ती ‘परतफेड’ म्हणून दाखवलीत तर देशाने न फेडलेलं कर्ज फेडल्याचं दिसेल.

क्रम असा ठेवा: प्रत्येक कर्जाचा ताळा आधी मूळ चलनात घालायचा. तिथे जुळलं तरच डॉलरमध्ये जायचं. शिल्लक त्या दिवशीच्या खरेदी-विक्री दरांच्या मध्याने, व्यवहार त्या त्या दिवसाच्या दराने. ते जमत नसेल तर जेवढ्या छोट्या कालावधीचा सरासरी दर मिळेल तेवढ्याने.

मूळ चलनातही जुळत नसेल तर तीन संशयित. एक, थेट देयक: धनको परस्पर पुरवठादाराला पैसे देतो आणि कर्ज कक्षाला सूचना पुढच्या तिमाहीत मिळते. कर्ज धनकोने पैसे दिले त्या दिवशीच उभं राहिलं, सूचना आली त्या दिवशी नाही. दर तिमाहीला धनकोचं विवरणपत्र मागवून ओळ न ओळ पडताळा. दोन, मुद्दलात मिळवलेलं व्याज. बांधकाम काळात ते सर्रास असतं, पैसा कुठेच हलत नाही, म्हणून बँक खात्यावरून नोंदी करणाऱ्याला ते दिसत नाही. तीन, उपार्जित व्याज. चढलेलं पण देय न झालेलं व्याज शिल्लकीत धरायचं असतं. नोंदवही बहुधा नुसतं मुद्दल देते, गुंतवणूक स्थितीवाले मात्र व्याज धरून बसलेले असतात.

सवलतीने काढलेल्या रोख्यांना दर्शनी मूल्य लावू नका. ९० ला काढलेला, दोन वर्षांनी १०० देणारा शून्य-कूपन (मध्ये व्याज न देणारा) रोखा पहिल्या दिवशी ९० चाच आहे. वर्षाने ९४.८७, आणि १०० फक्त मुदतीच्या दिवशी.

हमीपत्र

हमीचं उत्तर सोपं आहे. कर्ज कंपनीचं, ओळ ‘इतर क्षेत्रं’. हमी ही संभाव्य देणी. सकल कर्जात ती सरकारच्या नावावर येत नाही. सार्वजनिक आणि सार्वजनिक हमी असलेलं कर्ज वेगळ्या तक्त्यात एकत्र दाखवा, जागतिक बँकेच्या कर्जदार अहवाल प्रणालीला ते लागतंच. हमी वटली आणि सरकारने कर्ज अंगावर घेतलं की त्याच तारखेला कंपनीची शिल्लक कमी, सरकारची जास्त. गोंधळ इथेच होतो: सरकार नोंद करतं, कंपनी सर्वेक्षणात जुनाच आकडा भरत राहते.

कंपनीने परदेशात स्थापन केलेल्या उपकंपनीने काढलेले रोखे या देशाचं कर्ज नाहीत, ती उपकंपनी तिथली रहिवासी आहे. पण तिने तो पैसा इथल्या मूळ कंपनीला दिला तर ते आंतरकंपनी कर्ज, ‘प्रत्यक्ष गुंतवणूक’ या ओळीत. सरकारने मात्र स्वतःच्या खर्चासाठी असं परदेशी वाहन उभं केलं असेल तर त्याची उसनवारी सरकारचीच मानायची. हा मुद्दाम ठेवलेला अपवाद आहे, नाहीतर कर्ज लपवणं फारच सोपं झालं असतं.

न फेडलेले हप्ते बाह्य कर्ज आकडेवारीच्या २००३च्या मार्गदर्शिकेप्रमाणे अल्प मुदतीच्या ‘इतर’ देण्यांत जात. २०१३च्या आवृत्तीनुसार ते मूळ साधनातच राहतात आणि थकबाकीची रक्कम पूरक नोंद म्हणून दाखवायची. जुनं एक्सेल वापरत असाल तर ही ओळ तपासा, नाहीतर अल्प मुदतीचं कर्ज उगाच फुगतं.

कंपन्यांच्या आकड्यांचा वास घ्यायला बीआयएसची (मध्यवर्ती बँकांची आंतरराष्ट्रीय बँक) बँकिंग आकडेवारी बरी पडते, पण ती धनको बँकांच्या बाजूने गोळा झालेली असते. पुरवठादारांची उधारी आणि बिगर-बँक धनको त्यात नसतात. अंदाज घ्या, आकडा उचलून तक्त्यात चिकटवू नका.

तिमाही_अखेर

सगळ्यांचे आभार. मिळालं ते असं. एसडीआर वाटप २४ कोटी, परकीय मध्यवर्ती बँकेची ठेव १५, अनिवासींकडचे स्थानिक रोखे ३१. फेरकर्जाची दुबार मोजणी ९, ती वजा केली. ८४२ चे आता ९०३ झाले. उपार्जित व्याज दोन्हीकडे धरलंय. गुंतवणूक स्थितीशी फरक फक्त २ कोटी, तो सांख्यिकी तफावत म्हणून सोडला तर चालेल ना?

मुद्दल_व्याज

नाही. मूल्यांकन राहिलंय. परदेशात काढलेले रोखे किती आणि भाव काय?

तिमाही_अखेर

नॉमिनल १२० कोटी, सगळे अनिवासींकडे. तिमाहीअखेर सरासरी भाव ९४. स्थानिक रोख्यांचा बाजारभाव जवळपास नॉमिनल मूल्याइतकाच आहे.

मुद्दल_व्याज

मग गुंतवणूक स्थितीत ते रोखे ११२.८ ला धरलेले असणार. म्हणजे ती बेरीज तुमच्या तक्त्यापेक्षा ७.२ ने कमी यायला हवी होती, ती २ ने जास्त आलीय. खरी तफावत ९.२ कोटी आहे, मूल्यांकनाने तिच्यातली बरीचशी झाकली.

आता तुम्ही वजा केलेला ९ चा आकडा आठवा. गुंतवणूक स्थितीवाले कंपन्यांचं हेच सर्वेक्षण वापरत असतील तर फेरकर्ज तुमच्या तक्त्यातून निघालं, त्यांच्याकडे अजून दोनदा मोजलं जातंय. त्यांना त्या कंपन्यांची यादी पाठवा, आणि मागच्या तिमाहींतही तीच ओळ दुरुस्त करायला सांगा. नाहीतर या तिमाहीत ९ कोटींची परतफेड झाल्यासारखी दिसेल. उरलेले २० लाख सोडा.