जुनी चाळ दुरुस्त करून तिथेच राहायचं, तर कर्ज कोण देईल?

तिसरा_मजला_गिरगाव

आमची चाळ उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी), 'अ' वर्गातली, म्हणजे १ सप्टेंबर १९४० च्या आधीची. ३४ बिऱ्हाडं, सगळी पागडीची. जिना सागवानी, अजून ठणठणीत. मागच्या गॅलरीला मात्र चार वर्षं टेकू आहेत. बिल्डर येतात, टॉवरचं चित्र दाखवतात, चहा पितात, गायब होतात. आम्हा काही जणांना टॉवर नकोच आहे. आहे तीच चाळ नीट करून हवी.

भाची बोस्टनजवळ असते. ती म्हणाली, तिकडे जुन्या गिरण्या, शाळा दुरुस्त करून कमी पगारवाल्यांना भाड्याने देतात आणि त्यासाठी पैसे 'कम्युनिटी लेंडर' देतात. म्हणजे आपल्या पतपेढीसारखंच ना? मग आमची पतपेढी का देणार नाही?

निवृत्त_वसुली

ताई, ३१ वर्षं पतपेढीत काढली, म्हणून स्पष्ट सांगतो. तारण काय देणार? पागडीची पावती? जमीन मालकाची, भिंती मालकाच्या. शिवाय आमच्या ठेवी वर्षा-दोन वर्षांच्या, तुमचं कर्ज पंधरा वर्षांचं. ठेवीदार दारात आला की त्याला काय तुमची गॅलरी दाखवू?

मुंबई जिल्हा बँक स्वयंपुनर्विकासाला कर्ज देते, पण ते सोसायट्यांना, आणि तेही पाडून बांधायला.

सासर_डोंबिवली

ताई, मी मॅसॅच्युसेट्समध्ये अशाच एका संस्थेत कर्जाच्या फायली बघते. पतपेढीशी साम्य आहे, पण वरवरचं. आमच्याकडे ठेवीदार नाहीत, त्यामुळे वरच्या काकांची भीती आम्हाला नाही. पैसा येतो बँकांकडून (१९७७ च्या कायद्याने त्यांना गरीब वस्त्यांतही कर्ज द्यावं लागतं, ते त्या आमच्यामार्फत देतात), देणगी संस्थांकडून, थोडा इथल्या केंद्र सरकारच्या १९९४ सालच्या निधीतून. आणि हसू नका, पण कॅथलिक नन्सच्या मठांकडूनही. असल्या संस्थांना सुरुवातीच्या काळात कमी व्याजाने पैसे देणाऱ्यांत त्या होत्या.

पण खरी गंमत आमच्या कर्जात नाही, ते फिटतं कशातून यात आहे. माझ्या टेबलावरची एक फाईल सांगते. विटांची जुनी शाळा, वर्गांची घरं करायची. ऐतिहासिक म्हणून नोंदलेली इमारत ठरलेल्या निकषांनी दुरुस्त केली तर पात्र खर्चाच्या २० टक्के केंद्राच्या करातून सूट मिळते, पाच वर्षांत विभागून. कमी उत्पन्नवाल्यांना घरं दिली तर त्याची वेगळी करसवलत, दहा वर्षं. बदल्यात निदान तीस वर्षं भाडं आवाक्यात ठेवायचं. बांधणारी संस्था धर्मादाय, तिला कर नाहीच, मग सवलतीचं ती काय करणार? ती एखाद्या बँकेला भागीदार करून घेते. सवलत बँकेला, रोकड संस्थेला. त्यातली बरीच रोकड मात्र काम पुरं झाल्यावर येते. आणि गवंडी तर शनिवारी पैसे मागतो! मधल्या दोन वर्षांचा तो खड्डा आम्ही भरतो. त्याच्याही आधी वास्तुविशारदाची फी, रंगातल्या शिशाची तपासणी, यासाठी थोडं जोखमीचं कर्ज देतो. ते प्रकल्प बारगळला तर बुडूही शकतं.

निकष कडक असतात हं. त्या शाळेत रुंद कॉरिडॉर तोडून दोन घरं जास्त काढायची होती. हे निकष तपासणाऱ्या केंद्राच्या खात्याने, नॅशनल पार्क सर्व्हिसने, नाही म्हटलं. खिडक्यांवरून तर पाच महिने पत्रव्यवहार. मी वैतागले होते, पण आता तो कॉरिडॉर बघून वाटतं, बरं झालं.

तुमचं अडतं कुठे, तर आमच्याकडे इमारतीला सही करणारा एकच मालक असतो आणि पुढे येणारा पैसा जवळपास पक्का असतो. ही सवलत भाड्याच्या इमारतीलाच मिळते, स्वतः राहत्या घराला नाही. तुमच्याकडे मालक एक, हक्कदार ३४, आणि पुढून येणारं काहीच नाही. पूल बांधायला पलीकडचा काठ तरी हवा ना.

निवृत्त_वसुली

सहीचा एक रस्ता कागदावर आहे. म्हाडा कायद्यात १९८६ साली आठ-अ प्रकरण घातलं: ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर मासिक भाड्याच्या शंभर पट देऊन इमारत संपादित करता येते. तुमचं भाडं किती?

तिसरा_मजला_गिरगाव

१६५ रुपये. म्हणजे साडेसोळा हजारात खोली? मालक हार्टफेलने जायचे!

निवृत्त_वसुली

म्हणूनच मालक कोर्टात गेले. ५ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने त्याच वादात बहुमताने सांगितलं, की प्रत्येक खाजगी मालमत्ता समाजाची (म्हणजे सर्वांच्या भल्यासाठी वाटायची) साधनसंपत्ती ठरत नाही. तेव्हा त्या साडेसोळा हजारांवर जीव टाकू नका. पण संस्था नोंदवायला कोण अडवतंय? उद्या मालकाशी बोलायचं तरी ३४ तोंडांनी बोलू नका.

सासर_डोंबिवली

काकांशी सहमत. आणि ताई, एक फुकटचं काम. आमच्याकडे अर्जाला कामाआधीचे फोटो लागतात, प्रत्येक खिडकीचा, आतून-बाहेरून. तुम्हीही काढून ठेवा. दुरुस्तीवाले एकदा आत शिरले की जुनं काय होतं ते कोणालाच आठवत नाही.

तिसरा_मजला_गिरगाव

रविवारी पुतण्याला घेऊन काढले. ११८ खिडक्या. त्यातल्या नऊ लोकांनी आधीच ॲल्युमिनियमच्या करून घेतल्यात. एक आमचीच आहे.