मदत हवी आहे: थंडीत तडकलेला पाइप आणि घरविमा

नमस्कार. नाशिक जिल्ह्यातील निफाडजवळ आमचे बैठे घर आहे. इकडे कडाक्याच्या थंडीत पहाटे द्राक्षाच्या पानांवर दव गोठते. गच्चीवरील सोलर हीटरच्या पाइपचा सांधा तडकल्याने खालच्या भिंतीला ओल धरून पोपडे सुटले आहेत, आणि त्याच खोलीत वृद्ध आई-वडील झोपत असल्याने फार काळजी वाटते.

२०२१ पासून लागू असलेल्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून झालेले नुकसान धरले जाते, मात्र नेहमीची झीज वगळली जाते. मग सांध्यातून हळूहळू झिरपलेले पाणी कशात मोडेल? सर्व्हेअर येण्याआधी फोटो काढून दुरुस्ती केली, तर दावा नाकारला जातो का? उघड्या पाइपवर फोमचे वेष्टण कोणी घातले असल्यास ते उन्हात किती टिकले, हेही कृपया कळवावे.